अंगी लागलेलं सोनं

फोटोवाल्यानं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि तो म्हणाला, "आजी, डोळ्याखाली विभूती सांडलीय बघा. तेवढी पुसून घ्या, नाहीतर फोटोत डाग येतोय." चन्नम्मा भिंतीकडच्या बाकावरून उठली. दोन मोठ्या दिव्यांचा उजेड अव्वाच्या, तिच्या आईच्या, तोंडावर पडला होता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि अव्वाच्या डोळ्याखालून हलकेच फिरवलं. कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे सकाळी ओढले तसेच होते, पांढरे आणि कोरडे. त्यांच्या खालचा, गालाच्या हाडावरचा, नाकाच्या दोन्ही बाजूंचा करडेपणा मात्र पदराला लागेना. तिनं पदर जिभेनं ओला केला आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसा पुन्हा घासला. पदर कोराच निघाला. "अगं, सोलतीस काय मला?" अव्वा म्हणाली आणि तोंड बाजूला घेताना तिच्या डोक्यावरचा पदर मागं सरकला. तेव्हा चन्नम्माला दिसलं की केसांलगतची, एरवी पदराखाली असणारी दोन बोटं कातडी गव्हाळ आहे आणि पदराची कड जिथं येते तिथून खाली रंग बदलला आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल चढते आणि एका रेषेवर थांबते, तशी ती रेष होती. करडा, आणि नीट बघितलं तर निळसर. "असू द्या हो मॅडम," फोटोवाला म्हणाला, "टचिंग करून देतो. अशा गोऱ्या करतो आजींना, की आजोबा वळखनार न्हाईत." "आजोबा वर हायत," अव्वा म्हणाली, "तितनं त्येंना काय दिसतंय? त्वांड तुला कसं पायजे तसं कर बाबा. हात मातर हायत तसं येऊ देत." तो म्हणाला, हात एकावर एक ठेवा, बरं दिसतं. अव्वानं ते ऐकलं नाही. दोन्ही हात तिनं गुडघ्यांवर पालथे ठेवले, बोटं फाकवली आणि समोरच्या काचेत बघत राहिली. फोटो तिला हातांसाठीच काढायचा होता. याआधीचा एकुलता फोटो चन्नम्माच्या मॅट्रिकच्या वर्षी काढलेला, त्यात हात पदराखालीच राहिले होते.

स्टुडिओतून बाहेर पडून दोघी बाळीवेशीकडे निघाल्या. अव्वा पुढं, हातात शेंगांची पिशवी घेऊन, ती या बोटांतून त्या बोटांत बदलत. पिशवी बदलता येते याचंच तिला अजून कौतुक होतं. चन्नम्मा मागं. रविवारचं ऊन नवी पेठेतल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर, सायकलींच्या हँडलांवर, सराफाच्या काचेवर पडलेलं होतं आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याखाली ती बघू लागली होती. पानवाला काळा होता पण त्याचा काळा एकसारखा होता. एक म्हातारा निळसर वाटला, तो ताडपत्रीच्या सावलीतून बाहेर आला आणि नेहमीच्या रंगाचा झाला. तिला त्या म्हाताऱ्याचा राग आला. राग कशाचा, हे तिला सांगता आलं नसतं. अव्वाच्या तोंडाचा रंग एका दिवसात बदललेला नव्हता. महिन्यामागून महिने तो चढत गेला असणार आणि त्या महिन्यांत रोज सकाळी याच तोंडासमोर बसून तिनं चहा घेतला होता. बरं, ज्या मेडिकल कॉलेजात ती शिकवायची तिथं तिचं नाव कशासाठी होतं, तर रंगासाठी. मेंदूच्या आजाराचे रोगी आले की त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी, सोन्याचे बारीक कण तरंगणाऱ्या लाल पाण्याच्या नळ्यांत टाकून बघण्याची एक जुनी परीक्षा होती, आणि लाल कुठं संपून जांभळा कुठं सुरू झाला, जांभळा कुठं निळा झाला, यावर दोन डॉक्टरांचं एकमत झालं नाही की नळ्यांचं स्टँड उचलून तिच्या टेबलावर येई. हत्तुरे मॅडमना विचारा. हत्तुरे मॅडम नळी खिडकीकडे धरत, डोळे बारीक करत आणि सांगत. त्यांचं सांगणं शेवटचं असे. आणि एका फोटोवाल्याला जे कापडाखालून, तेही उलटं, दिसलं ते हत्तुरे मॅडमना घरात दिसलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात अशा निळेपणावर एकच वाक्य होतं, तेही बारीक टायपात: संधिवातासाठी सोन्याची इंजेक्शनं दीर्घकाळ दिल्यास उजेड लागणाऱ्या त्वचेला निळसर राखाडी छटा येऊ शकते. त्या वाक्याखाली तिनंच पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती.

अव्वाचे हात मिटायला लागले ते आण्णा, चन्नम्माचे वडील, गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. आधी सकाळी तेवढी बोटं आखडत, ऊन चढलं की सुटत. मग सुटेनाशी झाली. सांधे सुजून तांबडे झाले, मनगटं इतकी फुगली की पाटल्या उतरेनात आणि शेवटी सोनाराला घरी बोलावून त्या कापून काढाव्या लागल्या. पाटल्या कापताना अव्वा रडली नाही. ती रडली त्यानंतर, एका सकाळी, पूजेच्या वेळी. गळ्यातलं इष्टलिंग काढून तिनं डाव्या तळहातावर ठेवलं, पण तळहात उरलाच नव्हता. बोटं आत वळून त्याची मूठ झाली होती, आणि मुठीवर ठेवलेलं लिंग घरंगळून मांडीवर पडलं. "शिवा शिवा" करत तिनं ते उचललं, डोळ्यांना लावलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. आपलं लिंग दुसऱ्याच्या हातावर द्यायचं नसतं. तेव्हा चन्नम्मा समोर बसली, आपला तळहात तिनं अव्वाच्या हाताखाली घातला आणि आपल्या बोटांनी अव्वाचं एकेक बोट उघडून धरलं. त्यानंतर रोज सकाळी असंच. अव्वा उजव्या हाताच्या मनगटानं पाणी घाली, विभूती लावी, बेल वाही, ओठ हलवी, आणि चन्नम्माच्या हातावर अव्वाच्या हाताचं वजन, अव्वाच्या हातावर लिंगाचं. पाणी दोघींच्या बोटांतून खाली ताटलीत पडे. कॉलेजला उशीर होई. कधीकधी तिला त्या वजनाचा कंटाळा येई, आणि तो कंटाळा हातातून अव्वाला कळत असेल अशी भीती वाटे.

मग डॉक्टर करजगी म्हणाले, "आता सोनं द्यावं लागेल." पुढच्या खेपेला अव्वानं कमरेची पिशवी सोडून रुमालात बांधलेली बोरमाळ काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "एवडंच ऱ्हायलंय सायेब," ती म्हणाली, "पाटल्या लेकीसाटनं मोडून ठिवल्यात, त्या मागू नका." डॉक्टर आधी बोरमाळेकडे, मग चन्नम्माकडे बघत राहिले आणि मग खुर्ची मागं जाईपर्यंत हसले. द्यावं लागेल म्हणजे तुम्ही मला नाही आजी, मी तुम्हाला. कंबरेत. सुईनं. अव्वाला ते घरी येईपर्यंत पटलं नव्हतं. "सोनं अंगावर घालत्यात," ती वाटेत म्हणाली, "अंगात कुटं घालत्यात व्हय?" इंजेक्शनाच्या बाटल्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या येत. उजेड लागला की बिघडतं, असं चन्नम्मानं सांगितल्यावर अव्वानं तो कागद वर आणखी जुन्या चोळीच्या फडक्यात बांधून ठेवायला सुरुवात केली. आणि दर सोमवारी सुई घेऊन आल्यावर ती पायरीवर बसून कंबर चोळत म्हणे, "तुज्या अंगावर घालायचं सोनं माज्या अंगात चाललंय बग चन्ने. बगायला येनाऱ्यांस्नी सांग, लेकीच्या अंगावर काय न्हाय, पन सासू आतनं सोन्याची हाय बगा." शेजारची बसव्वा यावर खोखो हसायची. मधे कित्येक महिने काही फरक पडला नाही. आणि मग एका सकाळी, खाली चन्नम्माचा हात असताना, अव्वाचं मधलं बोट तिच्या बोटांपासून सुटून आपलं आपण सरळ झालं. तिला ते आधी कळलं, अव्वाला नंतर. उन्हाळ्यापर्यंत तळहात सपाट झाला. "काढ तुजा हात," अव्वा म्हणाली. "जा तुज्या कालिजात." लिंग एकट्या अव्वाच्या हातावर राहिलं. त्या दिवशी बसव्वेला, भाजीवालीला, दुधवाल्याला, सगळ्यांना अव्वा हात पुढं करून सांगत होती, "अंगी लागलं बगा सोनं." खाल्लेलं अन्न अंगी लागतं, लेकरू बाळसं धरतं, तसं.

प्रयोगशाळेत मात्र चन्नम्मा सोन्याबद्दल असं बोलत नसे. तिथं सोनं म्हणजे पिवळट पाणी. ते उकळत ठेवायचं आणि त्यात सायट्रेट नावाचा क्षार टाकायचा. आधी काही होत नाही, मग पाणी काळपट निळं पडतं, बिघडलं असं वाटतं, आणि बघता बघता जास्वंदीसारखं लाल होऊन जातं. सायट्रेट जास्त पडलं तर कण बारीक, रंग लालभडक. कमी पडलं तर कण मोठे आणि रंग जांभळट. वजन तेच, धातू तोच. त्या लाल पाण्यात मिठाचं पाणी टाकलं की कण एकमेकांना बिलगतात, लालाचं निळं होतं आणि सकाळपर्यंत तळाशी काळी राख बसते. पण आधी थोडं जिलेटिन घालून ठेवलं तर प्रत्येक कणावर त्याचा थर चढतो आणि मग मीठ टाका, लाल लालच राहतं. विभागप्रमुख सर याला कोटिंग म्हणत. ती शिकवताना मुलामा म्हणायची आणि पोरं हसायची, कारण मुलामा सोन्याचा पितळेला देतात आणि इथं मॅडम सोन्यालाच मुलामा देत होत्या. तिच्या प्रबंधाचा विषयही तोच होता. लहान कण, मोठे कण, उघडे, मुलामा दिलेले, असे सशांच्या कानाच्या शिरेतून सोडायचे आणि मग यकृत, प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. सशांची निगा राखणारा सिदू मंगळवेढ्याकडचा, मेंढरांत वाढलेला, पन्नाशीचा गडी. तो ससा कानाला धरून आणून म्हणायचा, "मॅडम, ह्यो सोनं घिऊन मरनार आनि आमी भाकरी खाऊन जगनार. नशीब बगा एकेकाचं." उघडं सोनं रक्तातल्या मिठात पडलं की तिथंच गोळा होऊन फुप्फुसात आणि यकृतात अडकून बसायचं. मुलामा दिलेलं बराच वेळ रक्तात फिरत राहायचं. पण आज ना उद्या तेही कुठल्यातरी पेशीत जाऊन बसायचं, काळ्या ठिपक्यांसारखं, आणि तिथून हलायचं नाही. किती दिवसांनी बाहेर पडतं हे शोधायला तिनं काही ससे पुष्कळ काळ ठेवले होते. ठिपके होते तिथंच होते. ससे ठणठणीत होते. प्रबंधात तिनं लिहिलं होतं की बाह्यतः कोणताही बदल आढळला नाही. आता बाळीवेशीच्या तोंडाशी, अव्वाच्या पाठीमागून चालताना, तिच्या मनात आलं की सशाच्या तोंडावर केस असतात.

घरी आल्यावर अव्वा गच्चीवर गेली. तिथं तिनं तीन विटांची चूल मांडून घेतली होती. खालच्या स्वयंपाकघरात धूर कोंडतो असं ती सांगे, खरं म्हणजे तिला भाकरी चारचौघांना दिसेल अशी थापायची होती. डोक्यावर ऊन, समोर ज्वारीचं पीठ, आणि परातीवर हातांचा पट्‌पट् आवाज. बोटांची पेरं अजून गाठाळ होती, पण तळवा उघडा होता आणि त्याखाली भाकरी फिरत, पसरत, कागदासारखी पातळ होत होती. चन्नम्मा कठड्याला टेकून बघत बसली. भाकरी उलटताना अव्वाच्या चोळीची बाही वर सरकली की दंड गव्हाळ दिसे, बाही खाली आली की कोपरापुढचा हात करडा. तिनं तीनदा असं बघितलं. अव्वा तव्यावरून मान न उचलता म्हणाली, "बगितलंस न्हवं? मग बास की."

"काय बघितलं?"

"मला काय कळत न्हाय व्हय? डब्याच्या झाकनात दिसतंय की त्वांड. उनाळ्यापासनं दिसतंय. बसव्वा म्हनली, निंगव्वाक्का, हळद लाव. लावली. पिवळ्यावर निळं, पोपट झाला माजा."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून? तू डागदरला सांगनार, डागदर सुई बंद करनार." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "मला काय बगायला येनार हायत का कोन? तुला येतील. तवा मी आत बसीन पदर घिऊन. निळी तर निळी. अगं, देवाचं त्वांड निळं चालतंय लोकांस्नी!" आणि आपल्याच बोलण्यावर ती इतकी हसली की तव्यावरच्या भाकरीची कड करपली.

चन्नम्माही हसली. पण तिला ते हसू पुरं करता येईना, कारण तोंडाचा रंग ही खरी गोष्ट नव्हतीच, आणि हे गच्चीवर फक्त तिला माहीत होतं. सोनं देताना दर आठवड्याला लघवी तपासायची असते. सोनं सगळं कातडीत राहत नाही, ते मूत्रपिंडातही जाऊन बसतं, आणि तिथली चाळणी गळायला लागली की लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, उतरतं. उतरलं की सुई बंद. त्यात डॉक्टर करजगी ऐकून घेणारे नव्हते. म्हणून दर सोमवारी सकाळी ती अव्वाची बाटली कॉलेजात नेई. नळी तिरकी धरून वरचा भाग ज्योतीवर उकळायचा, खालचा तसाच ठेवायचा. वर धुरकट झालं तर ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. धुरकटपणा विरला तर ते साधे क्षार, काळजीचं कारण नाही. राहिला तर अल्ब्युमिन. एकदा अव्वाला समजावून सांगताना तिनं धुरकटला ढग म्हटलं होतं, तेव्हापासून संध्याकाळी अव्वा विचारायची, "आज ढग न्हाय न्हवं? समदं सोलापूर ढगाला डोळं लावून बसतंय आनि तुला एक नको." मागच्या सोमवारी ढग आला होता. अगदी पातळ, नळीच्या मागं काळा कागद धरला तर दिसेल इतका. बाटली हाताशी होती, ड्रॉपर बाटलीत होता. तिनं ड्रॉपर उचलला, आणि परत ठेवला. क्षारच असतील, असं ती मनात म्हणाली. उन्हात लघवी दाट होते, असंही म्हणाली. दोन्ही खरं असू शकत होतं. मग तिनं नळी बेसिनमध्ये ओतली, तीनदा धुतली, आणि दुपारी अव्वाला घेऊन दवाखान्यात गेली. "साफ?" डॉक्टरांनी विचारलं होतं. तिनं मान हलवली होती, आणि ती मान होकाराची की नुसतीच हललेली, हे तिनं स्वतःशीही ठरवलं नव्हतं. आठवडाभर ती काहीच झालं नाही अशी वागली होती. आता गच्चीवर, करपलेल्या कडेच्या वासात, तिला कळलं की आठवडाभर तिनं अव्वाच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. नुसतं हातांकडे बघितलं होतं.

सोमवारी सकाळी अव्वानं धुऊन लख्ख केलेली बाटली भरून, फडक्यात गुंडाळून दिली, दर सोमवारसारखी. कॉलेजात गेल्यावर चन्नम्मानं आधी दुसरीच कामं काढली. सोन्याचं पाणी उकळायला ठेवलं. सिदू येऊन सांगून गेला की पांढऱ्या सशीण बाईंचं अन्नावर मन नाही, तिकडं जाऊन आली. दोन पोरांना नळी धुण्यावरून बोलली. नळ्या स्वच्छ होत्या, पोरं एकमेकांकडे बघत राहिली. चंचूपात्रातलं पाणी काळपट निळं झालं, आणि ती त्यावर नजर लावून उभी राहिली. एरवी हा क्षण तिला आवडायचा. आज ते लाल होईपर्यंत तिनं बर्नरची चावी बोटांत धरून ठेवली, जणू लाल झालं तर दुसऱ्या नळीतही काही ठरणार होतं. ते लाल झालं. तिनं बर्नर तसाच ठेवला आणि अव्वाची बाटली उघडली. नळीच्या वरच्या भागात बुडबुडे आले, आणि खालचं पाणी स्वच्छ असताना वर ढग उभा राहिला. काळा कागद लागला नाही. तिनं ड्रॉपर उचलला. एक थेंब. नळीत काही हललं नाही. तिला गच्चीवरचा पट्‌पट् आवाज ऐकू आला, इतका स्पष्ट, की तिनं खिडकीकडे बघितलं. दुसरा थेंब. तिसरा. ढग विरला नाही. उलट त्याच्यात बारीक धागे झाले आणि ते सावकाश खाली उतरू लागले. ती नळी तिनं धुतली नाही. स्टँडमध्ये उभी करून ठेवली, लाल सोन्याच्या शेजारी.

डॉक्टर करजगींनी कागदावरची ओळ वाचली आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "बंद," ते म्हणाले. "वेळेवर थांबवलं तर हे उतरतं बहुतेक वेळा. हातांचं बघू, दुसरं काही देता येतं का. पण इतका गुण येणार नाही, तुम्हाला माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "मागच्या आठवड्यात काहीच नव्हतं?" चन्नम्मा म्हणाली, "मागच्या आठवड्यात टेस्ट अर्धीच झाली होती, सर." डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. नंतर ते बघणं त्यांनी टेबलावरच्या काचेकडे नेलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

ती सरळ घरी गेली नाही. नवी पेठेत फोटो तयार असेल म्हणून गेली, मग फोटो हातात असतानाही सराफाच्या काचेसमोर उगीच उभी राहिली, मग टिळक चौकाकडून लांबचा वळसा घालून आली. अव्वा इरकली लुगडं नेसून पायरीवर बसली होती, सुईच्या दिवशी बसायची तशी. फोटो तिनं आधी घेतला, उन्हाकडे धरला आणि बराच वेळ बघितला. फोटोवाल्यानं आपल्या परीनं चोख काम केलं होतं. तोंड मैद्याच्या गोळ्यासारखं पांढरंफेक होतं. आणि जाता जाता, भल्या मनानं, त्यानं बोटांवरूनही पेन्सिल फिरवली होती. पेरांच्या गाठी घालवून बोटं शेवग्याच्या कोवळ्या शेंगांसारखी केली होती. "ह्यी कोन बाई गं?" अव्वा म्हणाली. "त्वांडबी माजं न्हाय आनि हातबी माजं न्हाईत. लुगडं तेवडं माजं हाय." तिनं फोटो पालथा मांडीवर ठेवला. "चल. उशीर झालाय."

"जायचं नाही अव्वा. सुई बंद."

अव्वा पायरीवरच्या चुन्याच्या पोपड्याला नखानं खरवडत राहिली. "ढग आलं का?"

"आला."

"मागल्या बारीला न्हवतं की."

"होता," चन्नम्मा म्हणाली. "मी शेवटचा थेंब टाकला नाही."

"का?"

"तू भाकऱ्या थापायला लागली होतीस."

समोरून एक टांगा गेला. तो दिसेनासा होईपर्यंत अव्वा त्याच्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला नाही, "मग आज कशापायी टाकलास? आजबी न्हाय टाकायचा की."

"अव्वा, मूत्रपिंडं जातील."

"जातील तवा जातील. हात आत्ता हायत." तिनं दोन्ही हात चन्नम्माच्या तोंडासमोर धरले, अगदी नाकाजवळ, बोटं फाकवून, आणि त्या निळसर, गाठाळ बोटांच्या फटींतून तिचं निळसर तोंड दिसत होतं. "हे दिलंस कशाला मग? दिऊन काडून घेतेस व्हय? आनि ह्ये," तिनं गालावर थाप मारली, "ह्ये ऱ्हानार का जानार?"

"ते राहणार."

"बरोबर हाय," अव्वा म्हणाली. "अंगी लागलं." आणि ती उठून जिन्यावरून वर गेली.

थोड्या वेळानं गच्चीवरून आवाज सुरू झाला. चन्नम्मा खाली, दाराच्या आतल्या बाजूला, चप्पल न काढता बसून होती. आवाज थांबेना. दोघींना पुरतील इतक्या भाकऱ्या कधीच होऊन गेल्या असणार. ती वर गेली तेव्हा पिठाचा डबा आडवा पडला होता आणि अव्वा थापतच होती. तव्यावरून काढलेल्या भाकऱ्या तिनं निखाऱ्यांभोवती उभ्या करून कडक केल्या होत्या आणि धोतराच्या फडक्यावर रचल्या होत्या. कडक भाकरी महिना महिना टिकते. चन्नम्मानं दुसरं पीठ आणून परातीत ओतलं, पाण्याचा तांब्या भरून जवळ ठेवला. अव्वानं तिच्याकडे बघितलं नाही, पण पाणी घेतलं. गिरणीचा भोंगा झाला, ऊन भिंतीवरून उतरून गेलं, तरी ती थापत होती. मग चुलीतला जाळ आपोआप खाली बसला आणि ती हात धुवायला उठली.

मंगळवारी सकाळी चन्नम्मा आंघोळ करून कॉलेजच्या तयारीत होती. अव्वा पाटावर बसली होती, समोर पाण्याचा गडू, विभूती, बेलाची पानं. गळ्यातलं वस्त्र सोडून तिनं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर ठेवलं. तळहात सपाट होता, उघडा होता, लिंग त्याच्या मधोमध स्थिर बसलं होतं. कशाचीच मदत लागत नव्हती. चन्नम्मा पर्स उचलून दाराशी गेली.

"चन्ने," अव्वा म्हणाली. "हिकडं ये. खालनं हात धर."

"आता कशाला? नीट आहे की."

"धर म्हनलं न्हवं? सवय ऱ्हाऊ दे."

चन्नम्मानं पर्स खाली ठेवली, समोर मांडी घातली आणि आपला तळहात अव्वाच्या हाताखाली सरकवला. अव्वानं पाणी घातलं. ते लिंगावरून तिच्या तळहातावर आलं, तिच्या उघड्या बोटांच्या फटींतून चन्नम्माच्या बोटांवर उतरलं आणि खाली ताटलीत पडलं.